रेडिओवरच्या बातम्या आपल्या पैशाच्या आहेत

पावसाळ्यात जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की पैठणमध्ये आधी मोबाइल वाजायला लागतात. कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ, सत्तावीसच्या सत्तावीस दरवाजांतून पाणी कोसळतंय आणि खाली लिहिलेलं, 'आत्ताची बातमी'. माझी मोसंबीची बाग गोदाकाठी आहे. नदीत सोडलेली मोटर, पाइप, केबल वर ओढायची की राहू द्यायची, हे त्या व्हिडिओवर ठरवता येत नाही. आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्राच्या बातम्यांत विसर्ग किती क्युसेक ते सांगतात, त्यावर मी ठरवतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये गावात पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकड्याचं मोल सांगावं लागत नाही.

2023 च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून तिथल्या बातम्या संभाजीनगरहून द्यायचं ठरलं, तेव्हा आपल्या केंद्राचं वजन वाढलं म्हणून मला आनंद झाला नाही. पुण्याची बातमी पुण्यातच जमवायला हवी. विरोध झाला, निर्णय थांबला, बरं झालं. खासगी एफएमना आपल्याकडे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात. रेडिओवर बातम्यांना दुसरं दार नाही, आणि हे एकच दार आपल्या पैशावर चालतं.

म्हणूनच त्या बातम्या कुणाच्या बाजूने बोलतात, हा माझ्यासारख्याचा प्रश्न आहे. प्रसार भारती कायदा 1990 चा, अमलात आला 1997 ला. परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती द्या, स्वतःची विचारसरणी पुढे करू नका, असं त्याचं बारावं कलम सांगतं. प्रत्यक्षात उद्घाटनं, घोषणा आणि 'मंत्र्यांनी सांगितलं' यांतच बातमीपत्र भरून जातं. आणीबाणीत काँग्रेसचं सरकार होतं, आज भाजपचं आहे; खुर्चीवरचा बदलला तरी ही सवय गेलेली नाही.

समतोल कसा हवा, ते जायकवाडीवरूनच सांगतो. 2023 च्या ऑक्टोबरअखेर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. अशा वेळी उशीर का, हे सरकारला रेडिओवर विचारलं गेलं पाहिजे, विरोधकांचं म्हणणं त्याच बातमीपत्रात आलं पाहिजे. आणि तिकडच्या, नगर जिल्ह्यातल्या राहुरीच्या ऊसवाल्याची बाजूही आम्हा पैठणकरांच्या कानावर पडली पाहिजे. मला ती पटणार नाही. तरी ऐकवा. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर मोफत वेळ देता येतो, तर एरवी उत्तराला दोन वाक्यं द्यायला काय हरकत आहे?

अडचण यंत्रणेत आहे. आकाशवाणीच्या वृत्त विभागात वरच्या जागांवर भारतीय माहिती सेवेतले अधिकारी असतात, आणि ही सेवा माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हाताखाली. सरकारची प्रसिद्धिपत्रकं काढणाऱ्या पत्र सूचना कार्यालयातही याच सेवेतले अधिकारी. बदली ज्याच्या हातात, त्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? मराठवाड्यातल्या खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, संसदेत दोन मागण्या एकदमच कराव्यात: प्रादेशिक बातम्यांचा पैसा कापू नका, आणि त्या बातम्यांचा संपादक मंत्रालयाने पाठवलेला नसू द्या.