कन्हानच्या काळोखाची किंमत

१/
नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की कामठीनंतर नदीवरचा पूल लागतो आणि कन्हान येते. कोळशाच्या खाणी, कारखाने, रेल्वेमार्ग आणि नदी ही या गावाची ओळख. खगोलशास्त्राच्या इतिहासात कन्हानचे नाव सहसा कोणी शोधणार नाही. तथापि खोल आकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास नीट वाचला, तर त्यातील आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अशाच गावांपाशी येऊन ठेपतो.

२/
खोल आकाश म्हणजे चंद्र आणि ग्रह यांच्या पलीकडचे आकाश : तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका. या वस्तू डोळ्यांना अंधूक दिसतात किंवा दिसतच नाहीत. कॅमेरा मात्र मिनिटेच्या मिनिटे, तासन्‌तास प्रकाश साठवू शकतो. ८० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण, जुना डीएसएलआर आणि आकाशाच्या गतीने फिरणारी बैठक एवढ्या साहित्यावर आज हे काम होते.

३/
या साहित्याची बहुधा कीव केली जाते. ‘एवढ्याशा दुर्बिणीतून काय होणार?’ हा प्रश्न ठरलेला. इतिहासाचे उत्तर वेगळे आहे. ही विद्या हौशी लोकांनीच जन्माला घातली, लहान साधनांनी ती वाढवली आणि आज तिच्यापुढची खरी अडचण दुर्बिणीच्या आकाराची नसून हरवत चाललेल्या काळोखाची आहे.

४/
प्रारंभ १८८० चा. न्यू यॉर्कचे हेन्री ड्रेपर हे पेशाने वैद्यकाचे. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटे प्रकाश साठवून, मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. आज साध्या कॅमेऱ्यातून निघणारे चित्र त्याहून कितीतरी स्पष्ट असते. मात्र वाट पाहण्याची पद्धत ड्रेपर यांचीच आहे.

५/
त्यानंतर इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन. व्यवसाय सांडपाणी व्यवस्थेच्या अभियंत्याचा. १८८३ मध्ये त्यांनी त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले की दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्यात उमटले. पुढच्याच वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. कॅमेरा डोळ्यापेक्षा अधिक पाहतो, हे एका हौशी माणसाने सिद्ध केले होते.

६/
तिसरे आयझॅक रॉबर्ट्‌स, इमारतींचे बांधकाम करणारे. १८८८ मध्ये त्यांनी २० इंची परावर्ती दुर्बिणीतून देवयानीचे छायाचित्र घेतले आणि तिची सर्पिल रचना प्रथमच दिसली. रॉबर्ट्‌स यांना ती घडत असलेली सूर्यमाला वाटली. पुढे १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी दाखवून दिले की ती स्वतंत्र दीर्घिका आहे. रॉबर्ट्‌स यांचा अर्थ चुकला. छायाचित्र मात्र खरे ठरले.

७/
रॉबर्ट्‌स यांची दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातील होती. त्याच ग्रब यांच्या नावाची २० इंची परावर्ती दुर्बीण एकेकाळी पुण्यातही होती. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा हे त्या स्थळाचे नाव. भावनगरच्या महाराजांची देणगी, मुंबई सरकारचे साहाय्य आणि कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांची चिकाटी यांतून ती कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभी राहिली.

८/
नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. तेजोमेघातील प्रमुख रेषेविषयी नॉर्मन लॉकियर यांनी मांडलेल्या मताला त्यांची निरीक्षणे अनुकूल नव्हती. पुण्यात बसून लंडनच्या प्रतिष्ठित शास्त्रज्ञाशी असहमत होणे ही १८९१ सालची गोष्ट. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेधही त्यांनी सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथून घेतले.

९/
१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. देशातील तत्कालीन सर्वांत मोठी दुर्बीण महाराष्ट्रातून निघून गेली, कारण त्या विद्येला येथे वारस उरला नव्हता. दुर्बीण बैलगाडीतून आणि आगगाडीतून हलवता येते. तिच्याभोवती माणसे घडली नसतील, तर मागे फक्त रिकामा चौथरा राहतो.

१०/
शेजारच्या हैदराबाद संस्थानात याच्या उलट घडले. मराठवाडा तेव्हा याच संस्थानाचा भाग. नवाब जफर जंग या हौशी आकाशनिरीक्षकाने १९०१ मध्ये स्वखर्चाने वेधशाळा स्थापन केली. १९०७ मध्ये ते निवर्तले. पण निजाम सरकारने काम हाती घेतले. आठ इंची छायाचित्रण दुर्बिणीने आंतरराष्ट्रीय तारकासूचीतील आपला वाटा निजामिया वेधशाळेने पूर्ण केला आणि लाखो ताऱ्यांची स्थाने नोंदवली.

११/
पुण्याची दुर्बीण मोठी होती, हैदराबादची लहान. खोल आकाशाच्या कामात आकारापेक्षा सातत्य महत्त्वाचे ठरते, ते असे. पुण्यानेही पुढे हा धडा घेतला. १९४४ मध्ये तेथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली; हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील ही सर्वांत जुनी संस्था. एका माणसाबरोबर संपलेली परंपरा तीन दशकांनी अनेक माणसांनी पुन्हा उचलून धरली.

१२/
लहान साधनाचे याहून बोलके उदाहरण एडवर्ड बर्नार्ड यांचे. नॅशव्हिलच्या गरीब घरातील हा मुलगा लहानपणी एका छायाचित्रकाराच्या दुकानात राबत असे. पुढे लिक वेधशाळेत जगातील सर्वांत मोठी अपवर्ती दुर्बीण शेजारी असताना त्यांनी आकाशगंगेची विख्यात छायाचित्रे घेतली ती सहा इंची भिंगाने. ते भिंग मुळात माणसांचे चेहरे टिपण्यासाठी बनवलेले होते.

१३/
ही केवळ जुनी कथा नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी छायाचित्रकारांनी देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक विशाल कमान शोधल्याचे जाहीर झाले. सेंटी यांची दुर्बीण १०६ मिलिमीटरची. आकाशातील सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या दीर्घिकेच्या शेजारी ही कमान तोवर कोणालाच दिसली नव्हती.

१४/
मग कन्हानच्या गच्चीवरील ८० मिलिमीटर दुर्बिणीला अडचण कोणती? अक्षांश तर अनुकूलच आहे. कन्हान साधारण २१ अंश उत्तरेला. मृगातील तेजोमेघ येथे क्षितिजापासून सुमारे ६३ अंश उंच जातो. लंडनमध्ये जेमतेम ३३. ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही; कन्हानहून तो दक्षिणेला २१ अंशांपर्यंत चढतो. ड्रेपर, कॉमन आणि रॉबर्ट्‌स यांना हे आकाश लाभले नव्हते.

१५/
अडचणी आहेत, पण त्या सोडवता येतात. ध्रुवतारा क्षितिजालगत, २१ अंशांवरच असतो. त्यामुळे झाडे आणि घरे टाळून बैठक ध्रुवाशी जुळवावी लागते. हिवाळ्यात नदीकाठी भिंगावर दव जमते. त्यासाठी उष्णता देणारी पट्टी गुंडाळतात. पावसाळ्याचे महिने वाया जातात. चित्रे एकत्र करणारे डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात.

१६/
चित्रे एकत्र का करायची? एका चित्रात वस्तूचा प्रकाश आणि कॅमेऱ्याची खरखर एकमेकांत मिसळलेली असतात. अनेक चित्रे एकावर एक ठेवली की प्रकाश चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि खरखर केवळ तिच्या वर्गमूळाच्या. म्हणून चौपट वेळ दिला की चित्र दुप्पट स्वच्छ होते. गरिबाच्या दुर्बिणीला वेळ हे भांडवल पुरते, ते या गणितामुळे.

१७/
मात्र या गणिताचा शत्रू एकच : आकाशाचा उजेड. दिव्यांमुळे आकाश दोन प्रतींनी उजळले, तर तेच चित्र मिळवण्यास सहापटीहून अधिक वेळ लागतो. काळोखात एका रात्रीत होणारे काम उजेडात आठवडाभर चालते. मोठी दुर्बीणही येथे सुटका करत नाही. ती दीर्घिकेबरोबर आकाशाचा उजेडही तितकाच अधिक गोळा करते. काळोख विकत घेता येत नाही.

१८/
‘फिल्टर लावा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. हायड्रोजन किंवा ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांत चमकणाऱ्या तेजोमेघांना अरुंद फिल्टर उपयोगी पडतो. दीर्घिकेचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा, सर्व रंगांचा. जुने सोडियम दिवे मुख्यतः पिवळा प्रकाश देत. तो बराचसा गाळता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरतो. २०१५ पासून पथदिवे झपाट्याने एलईडीचे झाले. वीज वाचली, पण आकाशाचा विचार कोणी केला नाही.

१९/
कन्हानच्या नैर्ऋत्येला नागपूर आणि कामठीचा उजेड, पश्चिमेला कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे, आसपास खुल्या खाणींचे झोतदिवे. यात एक विचित्र चक्र आहे. या परिसरातील जमीन खणून कोळसा निघतो, तो जळून वीज होते, राख नदीकाठी उरते. आणि त्या विजेचा एक भाग दिव्यांतून थेट आकाशात निघून जातो. ज्या उजेडाने रस्ता दिसत नाही, त्याची किंमत या गावाने धुळीने आणि राखेने मोजलेली असते.

२०/
येथे एक रास्त आक्षेप येतो. रात्रपाळीहून परतणारा कामगार, उशिरा घरी येणारी स्त्री, महामार्गावरची वाहने : यांना उजेड हवा. छंदासाठी त्यांनी अंधारात चालावे काय? मुळीच नाही. परंतु मागणी दिवे विझवण्याची नाहीच. दिव्याला झाकण असावे, झोत खाली असावा, रंग उबदार असावा, हीच मागणी आहे. वर सांडणारा प्रकाश खाली वळवला तर रस्ता अधिक उजळतो आणि डोळ्यांवर येणारी तिरीपही कमी होते.

२१/
हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा कन्हानपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा आणि आसपासच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खाली झोत टाकणारे बसवण्यात आले. त्या गावांतही माणसे रात्री चालतात, आणि तेथे तर वाघही आहेत.

२२/
पेंचचे यश निर्विवाद आहे. पण काळोख जंगलापुरताच राखीव ठेवणे ही अर्धी भूमिका झाली. पर्यटकाला गाडी, मुक्काम आणि सुटी परवडते. खाणकामगाराच्या मुलीला आकाश पाहण्यासाठी जंगलात जावे लागत असेल, तर पुण्याच्या दुर्बिणीचीच गोष्ट पुन्हा घडते. साधन कोठेतरी दूर सुरक्षित राहते आणि विद्येला वारस मिळत नाही.

२३/
दुसरा आक्षेप : हबल आणि वेब दुर्बिणींची अप्रतिम चित्रे फुकट मिळत असताना ही धडपड कशाला? पेटीचे सुंदर ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे म्हणून कोणी पेटी शिकणे थांबवत नाही. स्वतःच्या गच्चीवरून देवयानीचा प्रकाश साठवताना २५ लाख प्रकाशवर्षे हा आकडा पाठ्यपुस्तकातून बाहेर येतो. शिवाय सेंटी यांच्या कमानीसारखे काही तरी मोठ्या दुर्बिणींच्या अरुंद दृष्टिक्षेत्राबाहेर राहून गेलेले असतेच.

२४/
करण्यासारखे थोडकेच आहे. कन्हान-पिपरी नगर परिषदेने पुढील प्रत्येक पथदिवा झाकणाचा आणि उबदार रंगाचा घ्यावा. खाणींचे झोतदिवे जमिनीकडे वळवावेत. मध्यरात्रीनंतर निर्मनुष्य ठिकाणचे दिवे मंद व्हावेत. परिसरातील एखाद्या शाळेने एक लहान दुर्बीण आणि एक कॅमेरा ठेवावा आणि शिक्षक बदलला तरी निरीक्षणांची वही चालू राहावी.

२५/
पेंच नदी कन्हान गावाच्या वरच्या अंगाला कन्हान नदीला मिळते. जंगलातून येणारे पाणी स्वच्छ राहावे, ही मागणी आता कोणालाच चैन वाटत नाही. काळोखाविषयीही तसेच वाटायला हवे. देवयानी कन्हानच्या आकाशात उत्तरेकडून, म्हणजे रामटेक आणि पेंचच्या बाजूने जाते. ती बाजू अजून तुलनेने काळोखी आहे. नवे दिवे बसवताना तेवढी तरी तशीच राखावी.

(समाप्त)