घर की शाळा? अमेरिकेतल्या जुन्या वादातून आपल्यासाठी सबक

“घरीच अभ्यासाचं वातावरण नाही, मग आम्ही काय करणार?” दहावीचा निकाल लागला की शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मी स्वतःही ते म्हटलेलं आहे. तिकडे पालक म्हणतात, “शिकवणं तर उस्तादांचं काम!” अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या निकालातील तफावतीवरून हाच वाद साठ वर्षं चालू आहे.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार तिथल्या सरकारने शाळांची मोठी पाहणी करवली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल १९६६ मध्ये आला. सुमारे ४ हजार शाळा, ६ लाखांच्या आसपास विद्यार्थी. कृष्णवर्णीयांच्या शाळांना पैसा कमी, म्हणून मुलं मागे, असंच निघेल हा सर्वांचा अंदाज होता. निघालं वेगळंच. इमारत आणि साधनांपेक्षा आई-वडिलांचं शिक्षण, घरची परिस्थिती आणि वर्गातील सोबती यांचा परिणाम जास्त दिसला. अनेकांनी अर्थ काढला की शाळेने काही फरक पडत नाही.

पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शिक्षकाच्या दर्जाचा परिणाम गोऱ्या मुलांपेक्षा कृष्णवर्णीय मुलांवर जास्त होता. कारण उघड आहे. वर्गात कच्चं राहिलेलं शिकलेल्या घरात भरून निघतं. गरीब घरातल्या मुलाकडे शाळेशिवाय दुसरा आधार नसतो.

पुढे याला पुरावेही मिळाले. १९८५ पासून टेनेसी राज्यात काही मुलांना १३ ते १७ जणांच्या छोट्या वर्गात शिकवलं गेलं. फायदा सर्वांना झाला, कृष्णवर्णीय मुलांना जास्त. उत्तर कॅरोलिनात आढळलं की, तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला तरी गरीब कृष्णवर्णीय मुलग्यांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण घटतं. आपल्याकडून अपेक्षा ठेवणारं कुणी आहे, एवढंही मुलाला पुरतं.

आणि ‘घर’ म्हणजे फक्त आई-वडिलांची मर्जी नव्हे. १९५४ पर्यंत तिथल्या अनेक राज्यांत कायद्यानेच शाळा वेगळ्या होत्या. घरकर्ज, चांगली वस्ती, चांगली नोकरी पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली. घरच्या गरिबीमागे हा इतिहास आहे.

आपली परिस्थिती तंतोतंत तशी नाही. पण २००६च्या सच्चर समितीने सांगितलं की ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा गळाली होती. मदरशात शिकणारी मुलं फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्या मुलांची तालीम प्रामुख्याने साध्या शाळांच्याच हाती आहे.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना विनंती: ज्याच्या घरी शिकवणारं कुणी नाही, त्याचं वाचन आणि पाढे गृहपाठावर सोडू नका, वर्गातच पक्के करून घ्या. पालकांनो, स्वतःला वाचता येत नसेल तरी रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका. पालकसभेला अम्मी-अब्बा दोघंही या, आणि मूल कुठे अडतंय ते विचारा. मीही ते जुनं वाक्य आता बोलायचं सोडलं आहे.