चुणीचे मूळ
सुती फॉल न भिजवताच रेशमी साडीला शिवला, तर पहिल्याच धुण्यात तो आटतो, साडी तितकी आटत नाही, आणि काठावर ज्या चुण्या उमटतात त्या कितीही कडक इस्त्रीने कायमच्या जात नाहीत. कारण एकत्र जखडलेल्या दोन अंगांचा असमान संकोच वा प्रसरण, हेच चुणीचे मूळ होय. कागदालाही हाच न्याय लागू आहे: श्रावणातल्या दमट हवेत दफ्तरातील गठ्ठ्याच्या कडा आधी ओल शोषून प्रसरण पावतात, मधला भाग कोरडाच राहतो, आणि वाढलेल्या कडेला लाट घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिवाय कागदाचा तंतू भिजला असता जाडीत भरपूर फुगतो, लांबीत मात्र जेमतेम वाढतो. यंत्रावर घडलेल्या कागदात हे तंतू बहुतांशी एकाच दिशेस धावत असल्यामुळे, ती दिशा पुस्तकाच्या पाठीशी समांतर न ठेवणारा बाइंडर खळीचा हात फिरवताच शिवणीजवळची पाने लहरी करून ठेवतो. तेव्हा सुरकुती पडल्यावर वजनाखाली दाबण्याची तजवीज करण्यापेक्षा फॉल आधी भिजवून वाळवावा आणि कागदाची दिशा बांधणीपूर्वीच तपासावी. जोडण्याआधी दोहोंचा स्वभाव ओळखणे ही कारागिरीची पहिली शिस्त आहे, आणि तिच्यात कसूर करण्याची मुभा कोणत्याही कारागिरास नाही.