विश्लेषण : पेशींचे कवच आणि ‘पिशवी’चा प्रश्न… इस्ट्रोजेन गेल्यावर शरीरात काय बदलते?

‘मुले झाली, आता पिशवीचा काय उपयोग?’ हा सल्ला राज्यातील असंख्य महिलांनी ऐकला आहे. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली जातात, तेव्हा शरीर केवळ प्रजननक्षमता गमावत नाही. अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे पेशींच्या संरक्षण यंत्रणेशीही जोडलेले आहे, असे गेल्या दोन दशकांतील संशोधन सांगते.

पेशींना संरक्षण कशापासून हवे?

पेशीतील तंतुकणिका ऑक्सिजनच्या मदतीने ऊर्जा तयार करतात. या प्रक्रियेत थोडासा ऑक्सिजन ‘सुपरऑक्साइड’ या आक्रमक रूपात निसटतो. असे मुक्त कण प्रथिने, मेद आणि डीएनएला इजा करतात. ही इजा साचत जाणे हेच वार्धक्याचे कारण असावे, असा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हारमन यांनी १९५६ मध्ये मांडला. आज वार्धक्याचे तेवढे एकच कारण मानले जात नाही, पण ही इजा होते याबद्दल वाद नाही.

पेशीही हात बांधून बसत नाही. ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. पुढे ‘कॅटालेज’ आणि ‘ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज’ ही विकरे त्यातून निरुपद्रवी पाणी बनवतात. हेच शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट दल.

इस्ट्रोजेनचा यात काय संबंध?

स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मादीच्या तंतुकणिकांत हायड्रोजन पेरॉक्साइड कमी तयार होते आणि संरक्षक विकरांचे प्रमाण अधिक असते, असे त्यांना आढळले. तंतुकणिकांतील डीएनएची इजा नरांमध्ये चौपट होती. मादीची अंडाशये काढताच हा फरक नाहीसा झाला आणि इस्ट्रोजेन दिल्यावर तो परतला.

इस्ट्रोजेनच्या रेणूची रचना अशी आहे, की तो स्वतःही मुक्त कण शोषू शकतो. पण रक्तात त्याचे प्रमाण इतके अल्प असते, की तेवढ्याने भागणार नाही. त्याचे खरे काम निरोप्याचे. ते पेशीतील ग्राहकांना चिकटते, संदेशांची साखळी सुरू करते आणि संरक्षक विकरे बनवणारी जनुके अधिक सक्रिय होतात. टेस्टोस्टेरॉनबाबत मात्र चित्र इतके स्पष्ट नाही. ऊती आणि मात्रेनुसार प्रयोगांचे निष्कर्ष बदलतात.

मग गोळ्या घेणे हा उपाय आहे का?

सरसकट नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देणारा भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. या महिलांमध्ये स्तनांचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची रजोनिवृत्ती होऊन बरीच वर्षे उलटली होती. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचीही तीच गत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन दिले गेले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. शरीराने जागच्या जागी उभारलेले संरक्षण बाटलीतून विकत आणता येत नाही.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न गंभीर का?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवरील गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे समोर आले. उचल फेडायची, खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, फडावर ना पाणी ना शौचालय. अशा स्थितीत पाळीच्या त्रासावर आणि कर्करोगाच्या भीतीवर शस्त्रक्रिया हाच ‘कायमचा इलाज’ ठरतो.

अंडाशयेही काढली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. ती ठेवली तरी त्यांचे काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि संप्रेरक उपचार न मिळालेल्या महिलांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका अधिक असल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पाहणीत दिसले. हाडे ठिसूळ होतात ती वेगळीच. म्हणूनच अशा महिलांना अन्य धोका नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार द्यावेत, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. फडावरच्या बाईला ते कोण सांगते?

पुढे काय व्हायला हवे?

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. कागदी समित्यांनी तो पूर्ण होणार नाही. शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत, अंडाशये काढणार की ठेवणार याची मराठीत लेखी माहिती आणि शस्त्रक्रिया झालेल्यांची हाडे, रक्तदाब व हृदयाची नियमित तपासणी एवढे तरी प्रत्येक तालुक्यात मिळायला हवे. गर्भाशय आणि अंडाशये या बाळंतपणानंतर टाकून द्यायच्या वस्तू नाहीत. ज्यांच्या त्या आधीच काढून टाकल्या गेल्या, त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या प्रकृतीची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही.