आकाशाचा हिशेब आणि रिकाम्या ट्रॉलीचे वजन

उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर दोनदा चढते. एकदा भरलेली, एकदा रिकामी. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचे खरे वजन. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. रिकामे वजन दुसऱ्याच ट्रॉलीचे धरले, तर तो काट्यावरून हलणार नाही. आकाशाची छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी निरीक्षकांना मात्र हाच हिशेब पुन्हा सांगावा लागतो, इतक्या सहजपणे तो कॅमेऱ्याच्या बाबतीत विसरला जातो.

पावसाळा सरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे आकाशदर्शनाचा हंगाम. महाबळेश्वर, पाटण, चांदोलीच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर अजून बऱ्यापैकी काळोख उरला आहे. अमावास्येच्या आसपासची एखादी निरभ्र रात्र साधायची, थंडीत कुडकुडत शंभर-दीडशे फोटो घ्यायचे आणि घरी येऊन ते संगणकावर एकत्र करायचे, असा हा छंद. नेमके तिथेच अनेकांचे घोडे अडते. ‘कॅलिब्रेशन फ्रेमचे माप जुळत नाही’ एवढे सांगून सॉफ्टवेअर थांबते. मग घाईने त्या फ्रेम ताणून किंवा आक्रसून बसवल्या जातात आणि रात्रभराच्या मेहनतीवर पाणी पडते.

या फ्रेम म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या प्रकाशाबरोबर कॅमेऱ्याचे स्वतःचेही काही मिसळलेले असते. सेन्सर वाचताना इलेक्ट्रॉनिक्स जी मूळ पातळी भरते, ती ‘बायस’ फ्रेम दाखवते. उष्णतेमुळे अंधारातही साचणारा संकेत आणि सतत चमकणारे सदोष पिक्सेल झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ फ्रेममध्ये उतरतात. भिंगामुळे कडांकडे येणारा काळवटपणा आणि धुळीच्या कणांच्या कड्या ‘फ्लॅट’ फ्रेममध्ये दिसतात. ती संधिप्रकाशातल्या आकाशाकडे किंवा एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या कापडाकडे दुर्बीण रोखून घेतात. बायस आणि डार्क मूळ फोटोतून वजा होतात, फ्लॅटने भागाकार होतो. हे गणित पिक्सेलगणिक चालते. हजाराव्या ओळीतल्या पाचशेव्या पिक्सेलमधून डार्कमधला तोच पिक्सेल वजा व्हायला हवा. दोन फ्रेमची मापे वेगळी असली, तर ‘तोच पिक्सेल’ या शब्दांना अर्थच उरत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरचा नकार ही अडचण नसून सूचना आहे. तिचा अर्थ लावणेही फार अवघड नाही. प्रत्येक फाइलची रुंदी आणि उंची कागदावर लिहून काढली, की दोष बहुधा स्वतःहून समोर येतो. एक फ्रेम ६२४८ × ४१७६ आणि दुसरी ३१२४ × २०८८, म्हणजे बरोबर निम्मी असेल, तर कारण बिनिंग आहे: एका वेळी चार पिक्सेल एकत्र करून वाचण्याची सोय फोटोंसाठी चालू होती आणि डार्कसाठी बंद, किंवा उलट. रुंदी-उंचीची अदलाबदल झाली असेल, तर कॅमेऱ्याने किंवा प्रोग्रामने फोटो उभा फिरवला आहे. सुमारे दीडपटीचा फरक पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात ‘क्रॉप’ पद्धत चालू राहिल्याचे सांगतो. वेडेवाकडे आकडे आले, तर सेन्सरचा काही भागच निवडून फोटो घेतले गेले आहेत किंवा आधीच कापलेली फाइल चुकून मिसळली आहे.

फरक जेमतेम दहा-वीस पिक्सेलचा असेल, तर तो सर्वांत फसवा. सेन्सरच्या कडेला प्रकाशापासून झाकलेल्या पिक्सेलची पट्टी असते. एखादे सॉफ्टवेअर ती पट्टी धरून फाइल लिहिते, दुसरे ती कापून लिहिते. मध्यंतरी प्रोग्राम किंवा ड्रायव्हर बदलला, की जुन्या डार्क नव्या फोटोंशी जुळत नाहीत. सेन्सरची मापे गोळाबेरीज आकड्यांत येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. लडाखमधील हान्ले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. तिच्या कॅमेऱ्याची चौकट ४०९६ × ४१०८ पिक्सेलची आहे. चौरस वाटते, पण नाही. वरचे १२ पिक्सेल कुणी ‘एवढे काय’ म्हणून सोडले, तर तिथला हिशेबही चुकेल.

कारण सापडले, की उपाय ठरतो. बायस आणि डार्क पुन्हा घेता येतात. त्यांना आकाश लागत नाही, झाकण पुरते. माप, बिनिंग, गेन, एक्स्पोजरचा वेळ आणि तापमान तेवढे मूळ फोटोंसारखे हवे. तापमानाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण सेन्सर साधारण सहा अंश सेल्सिअसने तापला, तरी अंधारातला संकेत जवळपास दुप्पट होतो. पाटणच्या पहाटेचे फोटो आणि दुपारी सांगलीच्या घरात घेतलेल्या डार्क यांचे माप जुळले, तरी मेळ बसणार नाही. फ्लॅटचे तसे नाही. कॅमेरा दुर्बिणीतून काढला, फिरवला किंवा फोकस हलवला, की त्या रात्रीची धूळ त्या जागी राहत नाही. म्हणून फ्लॅट त्याच रात्री, जोडणी न उकलता घ्यावेत. फ्लॅटमधून वजा करायच्या डार्क किंवा बायसचे मापही तपासावे. पुष्कळदा दोष तिथेच दडलेला असतो.

कापणे आणि ताणणे यांत मात्र फरक केला पाहिजे. झाकलेली पट्टी कोणत्या बाजूला किती पिक्सेलची आहे हे नक्की ठाऊक असेल, तर तेवढी कापणे योग्य आहे. प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी राहतो. कृष्णधवल कॅमेऱ्याच्या पूर्ण मापाच्या फ्लॅटमधून चार-चार पिक्सेलची सरासरी काढून निम्म्या मापाचा फ्लॅट करणेही चालते. उलट दिशेने ते होत नाही. नुसते ताणून माप जुळवले, की संगणक शेजारच्या पिक्सेलच्या किमती मिसळून नवे पिक्सेल बनवतो. सदोष पिक्सेल जागेवरून सरकतो, वजाबाकी भलतीकडे होते आणि फोटोत काळे-पांढरे ठिपके जोडीने उमटतात. खोट्या फ्लॅटपेक्षा फ्लॅट न लावलेला फोटो बरा. त्यातला दोष निदान उघड असतो.

‘छंदच तर आहे, एवढी काटेकोरी कशाला?’ असे कुणी म्हणेल. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की काही रात्री परत येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पश्चिम क्षितिजावर दिसलेला त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतू आपल्या हयातीत पुन्हा दिसणार नाही. दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे. हौशी निरीक्षकांची मोजमापे विज्ञानाच्या कामी येतात. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी अमेरिकेतील संघटना १९११ पासून अशाच निरीक्षकांच्या बळावर उभी आहे. उत्तर मुकुट तारकासमूहातील टी कोरोनी बोरिॲलिस हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये एकाएकी उजळला होता. तशा घटनेच्या वेळी जगभरातल्या छोट्या दुर्बिणींचे आकडे लागतात. फ्लॅटमध्ये १० टक्क्यांची चूक राहिली, तर ताऱ्याच्या तेजाची प्रत सुमारे ०.१ ने चुकते. फोटो देखणा दिसेल, नोंद मात्र निरुपयोगी ठरेल.

मोठ्यांच्या कामातही हा धडा गिरवला गेला आहे. २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे पाहण्यासाठी ब्राझीलमधील सोब्राल येथे दोन दुर्बिणी लावल्या होत्या. त्यांतल्या एकीचा फोकस ग्रहणाच्या वेळी बिघडला आणि तिच्या काचांवर विसंबता येईना. दुसरी, चार इंची भिंगाची दुर्बीण विश्वासाची ठरली. तुलनेच्या काचा घेण्यासाठी निरीक्षक ब्राझीलमध्येच थांबले आणि जुलैमध्ये त्याच जागी, त्याच दुर्बिणीने, ग्रहणाविना तेच तारे टिपले. रिकामी ट्रॉली त्याच काट्यावर पुन्हा चढवली गेली.

आपल्या भागात या शिस्तीची गरज वाढतच जाणार आहे. सातारा, कराड, सांगली-मिरजेचे दिवे वाढले, तशी पूर्वेकडच्या क्षितिजावरची उजळी वाढली. पार्श्वभूमी जितकी उजळ, तितका फ्लॅटमधला दोष फोटोत ठळक होतो. महाविद्यालयांची भौतिकशास्त्र मंडळे आणि आकाशप्रेमींचे गट आकाशदर्शनाचे कार्यक्रम उत्साहाने घेतात. त्यांनी दुर्बिणीशेजारी एक साधी वहीही ठेवावी. तारीख, कॅमेरा, फ्रेमची रुंदी-उंची, बिनिंग, गेन, तापमान आणि वापरलेला प्रोग्राम अशी एक ओळ प्रत्येक रात्रीला पुरे. पहिला फोटो आणि पहिली डार्क घेताच दोन्हींची मापे जागेवरच ताडून पाहावीत. त्याला दोन मिनिटे लागतात. घरी आल्यावर हीच चूक सापडली, तर पुढच्या अमावास्येची वाट पाहावी लागते, आणि तेव्हा आकाश निरभ्र असेलच असे नाही.

विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरा देणे आता अवघड राहिलेले नाही. आपल्या मोजमापातला आपलाच वाटा किती, हे आधी शोधून वजा करायचे, ही सवय लावणे अवघड आहे. जिथे काट्यावरच्या किलो-किलोचा हिशेब मागितला जातो, तिथल्या मुलांनी पिक्सेलचाही हिशेब मागायला हरकत नाही.