प्रवेशद्वारावरील नाव आणि वर्गातील जागा

कॉलेज रोडवरून नित्य ये-जा करणाऱ्या किती नाशिककरांना ‘एच.पी.टी.’ व ‘बी.वाय.के.’ या अक्षरांमागील पूर्ण नावे सांगता येतील? पहिले नाव हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे. घराणे मुंबईच्या कापडगिरणी व्यवसायातील. दुसरे सिन्नरच्या बिडी-उद्योगातील भिकुसा यमासा क्षत्रिय यांचे. दोन्ही महाविद्यालये गोखले एज्युकेशन सोसायटीची. त्यांपैकी एच.पी.टी. १९२४ साली सुरू झाले. तोवर पदवीसाठी नाशिकच्या मुलाला पुणे वा मुंबई गाठावी लागे.

समाजाच्या बळावर शिक्षणसंस्था उभारण्याची ही परंपरा नाशिक जिल्ह्यात जुनी आहे. बहुजन समाजातील मुलांसाठी १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. आपल्या समाजाने १९२८ साली चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. आश्रमाच्या त्या रोपाचा पुढे अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व वाणिज्य अशा शाखांचा वृक्ष झाला आणि त्याच्या सावलीत सर्व समाजांची मुले शिकत आहेत.

तरीही एक वर्ग वर्गाबाहेरच राहिला. सराफ बाजार, रविवार कारंजा, पंचवटीतील बाजार समिती येथे सकाळी दुकान उघडणाऱ्या आणि रात्री कुलूप लावणाऱ्या माणसाने महाविद्यालयात जावे केव्हा? अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची संस्था याच प्रश्नातून वाढली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली तिचा आरंभ झाला. घराजवळ, अल्प शुल्कात आणि काम सांभाळून शिकता यावे, ही तिची ओळख बनली. आपल्याकडे हे कार्य १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हाती घेतले. त्याचे मुख्यालय गंगापूर धरणाजवळ आहे. परंतु ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांमुळे ते नोकरदार, गृहिणी आणि दुकानातील मदतनीस यांच्यापर्यंत पोहोचते.

या संधीचे मोल मी बँकेत पाहिले आहे. शालान्त परीक्षेवर लागलेले कित्येक लिपिक काम करीत पदवीधर झाले. पदवीने वेतनवाढ मिळे, हे खरेच; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे अधिकारीपदाच्या परीक्षेस बसण्याचा धीर येई. उलट, पेढीचा सारा जमाखर्च तोंडपाठ असलेले मुनीमजी अर्जातील ‘शिक्षण’ या रकान्यापाशी आले की लेखणी खाली ठेवत.

सुज्ञ वाचकहो, आपण ज्ञानदानाचे महत्त्व जाणतो. सभागृहासाठी, खोलीसाठी, कोनशिलेसाठी आपला हात सढळ असतो, आणि तो तसाच असावा. मात्र आपल्या दुकानात दहा-दहा वर्षे माल मोजणारा मदतनीस बारावीवर थांबला असेल, तर त्याचे शुल्क भरणे, संपर्कसत्राच्या दिवशी त्याला लवकर सोडणे आणि परीक्षेपुरती पगारी रजा देणे, हेही ज्ञानदानच आहे. घरात आलेल्या सुनेचे अर्धवट राहिलेले बी.कॉम. पूर्ण व्हावे, याचाही विचार त्याच आस्थेने व्हावा.

कोणी म्हणेल, शिकला की सोडून जाईल. जाईलही कदाचित. पण जो राहील, तो विवरणपत्रे भरील, बँकेशी पत्रव्यवहार करील आणि पेढीचा भार वाहील. जो जाईल, तो आपल्या पेढीचे नाव आदराने सांगेल. नवे आर्थिक वर्ष सुरू होताना धर्मादायाच्या खात्यात या खर्चासाठी एक स्वतंत्र रकाना आखावा, एवढेच सुचवावेसे वाटते.