सॉकेटला वारस नकोत

टी.ई.च्या नेटवर्क्स लॅबला मिनी प्रोजेक्ट आला की निम्म्या बॅचचं उत्तर ठरलेलं असतं: चॅट सर्व्हर. ‘व्हॉट्सअ‍ॅप असताना चॅट सर्व्हर कशाला?’ असं घरचे विचारतात. त्यांना काय सांगणार! सगळ्या जगाने करून झालेली गोष्ट आपण स्वतः एकदा केल्याशिवाय ती कशी चालते ते कळत नाही, हे खरं कारण. सोपा वाटतो म्हणून घेतला, हे त्याहून खरं कारण.

आम्हीही घेतला. हॉस्टेलची सीट गेल्यामुळे मी त्या वर्षी सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहत होतो. तीन खोल्या, नऊ पोरं, एक राउटर. ग्रुपमध्ये मी, नागपूरकर आणि सांगलीकर. नावं मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल.

पहिल्या रिव्ह्यूला आम्ही कोड दाखवला नाही, क्लास डायग्राम दाखवली. काय डायग्राम होती महाराजा! सगळ्यात वर ‘बेससॉकेट’. त्याची दोन मुलं, ‘टीसीपीसॉकेट’ आणि ‘यूडीपीसॉकेट’. टीसीपीची मुलं ‘सर्व्हरसॉकेट’ आणि ‘क्लायंटसॉकेट’. क्लायंटचा मुलगा ‘चॅटसॉकेट’, त्याचा मुलगा ‘सिक्युअरचॅटसॉकेट’. खाली मोकळ्या जागेत ‘फ्युचर स्कोप’. ‘व्हेरी एक्स्टेंडेबल,’ असा शेरा मिळाला आणि दहापैकी नऊ मार्क. तोपर्यंत त्या डिझाइनवर एक ओळ संदेशसुद्धा इकडून तिकडे गेलेला नव्हता.

या लेखात माझं भांडण त्या ‘एक्स्टेंडेबल’ शब्दाशी आहे. आपण त्याचा अर्थ ‘ज्याला वारस नेमता येतात तो क्लास’ असा धरतो. माझं म्हणणं उलट आहे. चॅट सर्व्हर पुढे वाढायला हवा असेल, तर सॉकेटचा क्लास निपुत्रिकच ठेवावा.

कोड लिहायला बसलो तशी घराण्यातली भांडणं सुरू झाली. ‘बेससॉकेट’मध्ये लिसन आणि अ‍ॅक्सेप्ट ठेवलं होतं, ते यूडीपीला वारशात मिळालं. यूडीपीला जोडणीच नसते, तो काय अ‍ॅक्सेप्ट करणार? सर्व्हरसॉकेटला सेंड मिळालं. पण दारात उभं राहून नुसतं ‘या, बसा’ म्हणणाऱ्या सॉकेटवरून डेटा पाठवता येतच नाही. मग अशा फंक्शनांमध्ये आम्ही ‘एरर’ छापायला सुरुवात केली. आजोबांनी दिलेली आणि कुणाला नको असलेली भांडी माळ्यावर टाकतात ना, तसं.

त्यानंतर कन्स्ट्रक्टरची रात्र. जोडणी झाली की ‘ऑनकनेक्ट’ हे व्हर्च्युअल फंक्शन आपोआप चालावं, म्हणून सांगलीकराने ते बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून बोलावलं. चालायचं ते नेहमी बापाचं, मुलाचं कधीच नाही. अडीच वाजता कळलं की सी प्लस प्लसचा नियमच तसा आहे. बापाचा कन्स्ट्रक्टर चालू असताना मुलगा अजून जन्मालाच आलेला नसतो, मग त्याचं फंक्शन कुठून चालणार? नियम अगदी शहाणा आहे. आमच्या डिझाइनला तो माहीत नव्हता इतकंच.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही.

सॉकेट उघडला की ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याला एक आकडा देते, फाइल डिस्क्रिप्टर. आम्ही त्याला एफडी म्हणायचो. (पेठेत हा शब्द काढला की लोक व्याजदर विचारतात.) ०, १, २ आधीच वापरात असतात. आमचा दारातला सॉकेट ३. नागपूरकर आला, त्याला ४ मिळाला. सांगलीकराला ५, मला ६. आणि नियम असा की एखादा आकडा बंद झाला की पुढच्या माणसाला मोकळ्यांपैकी सगळ्यात लहान आकडा मिळतो.

‘खाजगी गप्पा’ हे फीचर मी लिहिलं होतं. त्यात समोरच्याच्या चॅटसॉकेटची मी चक्क कॉपी ठेवली. खाजगी खिडकी बंद झाली की ती कॉपी नष्ट व्हायची, आणि बेससॉकेटचा डिस्ट्रक्टर इमानदारीत ५ बंद करायचा. वारशात आलेला चांगला संस्कारच तो! पण मुख्य यादीत ५ म्हणजे अजून सांगलीकरच होता. टेस्टिंग करताना खाजगी खिडकी बंद करून पुन्हा कुणी उघडलीच नव्हती, त्यामुळे हे दिसलं नाही.

एका रात्री नागपूरकराने सांगलीकराशी खाजगी गप्पा मारल्या आणि खिडकी बंद केली. ५ बंद झाला. सांगलीकराला पत्ताही नाही, कारण समोरून जोडणी तुटली की रिसीव्ह शून्य परत देतो, आणि ते आमच्या क्लायंटमध्ये कुणी तपासतच नव्हतं. त्याच्या लॅपटॉपचा पंखा तेवढा जोरात फिरायला लागला. दोन मिनिटांनी खालच्या खोलीतला एक ज्युनियर आत आला. मोकळा आकडा ५, तो त्याला मिळाला. मग नागपूरकराने खिडकी पुन्हा उघडली आणि जे दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते लिहिलं. विषय राहिलेत, वर्ष जातंय, घरी अजून माहीत नाही, फीचे पैसे कुठून आले तेही. ते सगळं ज्युनियरच्या स्क्रीनवर उमटलं. तो ज्युनियर नेमका नागपूरकराच्याच गावचा.

पोरगा चांगला निघाला. जिना चढून वर आला आणि दारातूनच म्हणाला, ‘दादा, हे मला आलंय. चुकून आलं असेल. मी कुठे बोलणार नाही.’ नागपूरकर त्याला ‘ठीक आहे’ म्हणाला आणि माझ्याशी आठवडाभर एक शब्द बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय.

त्या आठवड्यात मी विचार खूप केला. आमचा वाडा अशा विचाराला चांगली जागा आहे. जिन्याची पायरी तुटलेली आहे, कारण दुरुस्तीला सगळ्या वारसांची संमती लागते. एक वारस नाशिकला, एक अमेरिकेत, दोघं कोर्टात. पेठेत असे वाडे थोडे नाहीत. वारस वाढले की मूळ वास्तूत खिळा ठोकणंही अवघड होऊन बसतं. आमचा बेससॉकेट तसाच झाला होता. त्याच्या डिस्ट्रक्टरला हात लावावा तर खालचे सहा क्लास बोंब मारणार. भाडेकरूचं मात्र बरं असतं. आमच्या खोलीत आधी कोण होतं, पुढे कोण येईल, याच्याशी वाड्याच्या मालकीचं देणंघेणं नाही. करार छोटा असतो, तो पाळला की झालं.

मग आम्ही सगळं पुसून तीन तुकड्यांत लिहिलं. पहिला तुकडा नुसता सॉकेट. एका एफडीचा एकच मालक. वाचणं, लिहिणं, बंद करणं, बस. त्याची कॉपी करायला मनाई. २०११ च्या सी प्लस प्लसपासून कॉपी कन्स्ट्रक्टरपुढे ‘डिलीट’ लिहिता येतं. मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण एका वेळी दोन मालक नाहीत. शिवाय क्लासला ‘फायनल’ लावला, म्हणजे वारस नेमायचा मोहच नको. माझा तो बग या दोन शब्दांनी कंपाइल होतानाच पकडला असता.

दुसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आमच्या पहिल्या डायग्राममध्ये तो नव्हताच. त्यासाठी पेठेतल्या हौदाकडे बघावं. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणलं आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडलं. नळातून येतं ते नुसतं पाणी. कुणाची घागर कुठे संपते आणि कुणाची कळशी कुठे सुरू होते, हे नळाला ठाऊक नसतं. टीसीपी हुबेहूब असाच आहे. तो बाइटचा प्रवाह देतो, संदेश देत नाही. तुम्ही एका सेंडने पाठवलेलं तिकडे तीन रिसीव्हमध्ये येऊ शकतं, किंवा तीन सेंडचं एकदम एकात. ‘लॅबमध्ये तर नीट चालतं!’ हो, एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडून ‘हाय’ पाठवलं तर बहुधा नीटच चालतं.

आम्हाला हे मराठीने शिकवलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, ३ बाइट खातं. नुसतं ‘सदाशिव पेठ’ लिहिलं तर मधल्या जागेसकट २८ बाइट. आमचा बफर १०२४ चा, आणि १०२४ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. मोठा मराठी संदेश अक्षराच्या मधोमध कापला जायचा आणि स्क्रीनवर काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं यायची. इंग्रजीत हा बग वर्षभर दिसला नसता.

म्हणून दुसरा तुकडा म्हणजे हौद. आलेले बाइट साठवायचे, संदेशाची खूण सापडली की तेवढी एक घागर भरून पुढे द्यायची, उरलेलं पाणी तसंच ठेवायचं. खूण काय, हे आपण ठरवायचं. १९८८ साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने आयआरसी हा चॅट लिहिला. १९९३ च्या आरएफसी १४५९ मध्ये त्याचा नियम असा आहे: संदेश ओळीच्या शेवटच्या खुणेने संपतो, आणि ती खूण धरून ५१२ पेक्षा मोठा नसतो. दुसरी मर्यादा विसरू नका. ती नसेल तर एखादा महाभाग खूण न पाठवता नुसतं पाणी सोडत बसतो आणि हौद फुटतो.

तिसरा तुकडा चॅटचा. ‘संदेश आला’ आणि ‘माणूस गेला’ एवढी दोनच फंक्शनं. त्याला सॉकेट काय असतो हे माहीतही नसतं. नवीन फीचर इथे येतं. एन्क्रिप्शन हवं तर ते सॉकेट आणि हौदाच्या मधे बसतं, बाकी कुणाला कळतसुद्धा नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हौद तपासायला नेटवर्क लागत नाही. एक एक बाइट हाताने सोडा आणि बघा.

‘पण जावामध्ये एसएसएलसॉकेट हा सॉकेटचाच वारस आहे की!’ हे मला व्हायव्हात ऐकवलं गेलं. आहे, मान्य. पण जावाच्या सॉकेटच्या पोटात ‘सॉकेटइम्प्ल’ नावाचा वेगळा ऑब्जेक्ट असतो, खरं काम तो करतो. १९९६ च्या पहिल्या जेडीकेपासून आत असलेली जुनी यंत्रणा २०१९ मध्ये जेडीके १३ ने बदलून नवीन बसवली, आणि बाहेरचा सॉकेट क्लास होता तसाच राहिला. तेवीस वर्षांनी आतडी बदलली आणि चेहरा तोच! ते जमलं पोटातल्या भाडेकरूमुळे, वारसामुळे नाही.

उलट बाजूचं उदाहरण पायथनचं. त्यात ‘एसिंकचॅट’ नावाचं मॉड्यूल होतं. त्यातल्या क्लासचे वारस व्हा, दोन फंक्शनं भरा, चॅट सर्व्हर तयार. त्यात हौदाची कल्पना होती, ते श्रेय द्यायलाच हवं. पण २०१४ मध्ये आलेल्या ‘एसिंकआयओ’ने जोडणी आणि प्रोटोकॉल हे दोन वेगळे ऑब्जेक्ट केले. तिथेही आपला एक छोटा क्लास लिहावा लागतो, फक्त तो सॉकेटचा मुलगा नसतो. एसिंकचॅट २०२३ मध्ये, पायथन ३.१२ मध्ये, काढून टाकलं.

सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे, राग मानू नये. पहिल्या रिव्ह्यूला डायग्राम मागण्याऐवजी एक गोष्ट करून बघायला सांगा: दोन जण बोलत असताना एकाच्या प्रोग्रॅमची खिडकी अचानक बंद करा आणि दुसऱ्याला लिहू द्या. तुटलेल्या जोडणीवर लिहिलं की लिनक्स ‘सिगपाइप’ पाठवतो, आणि तो हाताळला नसेल तर अख्खा सर्व्हर गतप्राण होतो. आमचा झाला होता. शेजारच्या दोन्ही ग्रुपचेही झाले, आणि त्यांनाही रिव्ह्यूला चांगले मार्क होते.

शेवटच्या रिव्ह्यूला आमच्या नवीन डायग्राममध्ये तीन चौकोन होते. अर्धं पान कोरं. ‘बस, एवढंच? आधीची चांगली होती,’ असं ऐकून घेतलं. सहा मार्क मिळाले. नागपूरकर शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘चल, चहा पाजतो,’ आणि पैसे मात्र मलाच द्यायला लावले.

कोड लॅबच्या मशीनवर आहे, हवा त्याने न्यावा. फाइल पाठवायची सोय अजून केलेली नाही. ती कुठल्या तुकड्यात बसवायची यावर सांगलीकराचं आणि माझं अजून जमलेलं नाही.